भूगोलाचा तास : भूपट्टाच्या कडेपासून महापालिकेच्या हद्दीपर्यंत

सराव परीक्षा जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा ओघ वाढतो. या वेळची पत्रं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. मुलांना व्याख्या तोंडपाठ आहेत. अडतं ते दोन ठिकाणी : अमुक घडायला किती काळ लागतो, आणि ते किती जागेवर घडतं. भूपट्ट, नदी, पाऊस, शहर हे सगळं एकाच पुस्तकात लागोपाठच्या धड्यांत येतं. त्यामुळे ते सगळं एकाच वेगानं चालतं असा समज नकळत होऊन बसतो. मी शाळेत शिकवत होते तेव्हा प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला फळ्यावर हेच दोन प्रश्न लिहायची : किती काळ? किती जागा? आजच्या उत्तरांतही ते येत राहतील.

बाई, पृथ्वीच्या पोटात वितळलेला दगड आहे आणि त्यावर भूपट्ट तरंगतात, असं आम्ही उत्तरात लिहितो. खाली सगळं पातळच असेल तर आपण बुडत का नाही? आणि भारत उत्तरेला सरकतोय, तर ते आपल्याला कळत कसं नाही?
(इयत्ता नववी, इस्लामपूर)

तुझ्या प्रश्नातलं पहिलं वाक्यच आधी दुरुस्त करू या. कित्येक गाइडांत ते तसंच छापलेलं असतं, तेव्हा यात तुझा दोष नाही. भूपट्टांच्या खाली जे प्रावरण आहे ते घन आहे. गरम आहे, प्रचंड दाबाखाली आहे, पण दगडच आहे.

हे कळलं कसं, त्यात आपल्या देशाचाही वाटा आहे. १८९७ साली आसामात, शिलाँगच्या पठारावर फार मोठा भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करणाऱ्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्या भूकंपाच्या दूरदेशीच्या नोंदी मिळवून तपासल्या. भूकंपाच्या लहरी वेगवेगळ्या प्रकारच्या असतात आणि वेगवेगळ्या वेळी पोहोचतात, हे त्यांनी त्या नोंदींतून दाखवलं. पुढे १९०६ मध्ये त्यांनीच पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. पुस्तकात ज्यांना दुय्यम लहरी म्हणतात, त्या द्रवातून जाऊच शकत नाहीत. या लहरी प्रावरणातून आरपार जातात आणि सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर अडतात. म्हणजे तिथवर सगळं घन, आणि द्रव काय तो त्याखालचा बाह्य गाभा. त्याच्याही आत आणखी एक गाभा आहे हे १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेहमान यांनी ओळखलं. तो घन आहे.

आता तू विचारशील, घन दगड वाहतो कसा? रस्त्याच्या कामावर डांबराचं पिंप आडवं पडलेलं असतं. त्यातल्या थंड डांबरावर हातोडी मारली तर टवका उडतो. तेच पिंप उन्हाळाभर तसंच पडून राहिलं तर डांबर तोंडातून ओघळून जमिनीवर पसरतं. वस्तू तीच, फरक काळाचा. भूकंपाची लहर काही सेकंदांत निघून जाते, तिला प्रावरण घन भासतं. लाखो वर्षं सतत दाब राहिला की तेच प्रावरण अगदी संथपणे वाहतं आणि वरच्या भूपट्टांच्या हालचालीत सामील होतं. शिलारस, म्हणजे खरोखर वितळलेला दगड, तयार होतो तो मोजक्या ठिकाणी : भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात तिथे, एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतो तिथे, आणि काही तप्त स्थळांवर, म्हणजे खोलातून जास्त उष्णता वर येते अशा जागांवर.

राहिला वेग. भारतीय भूपट्ट युरेशियाच्या दिशेने वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर सरकतो. तुझ्या जन्मापासून आजवर तुझं गाव जेमतेम पाऊण मीटर सरकलं असेल. गाव, शाळा, कृष्णा नदी, सगळं एकत्र आणि एकाच गतीने सरकतं, धक्का बसत नाही, म्हणून जाणवत नाही. उपग्रहांच्या मदतीने चालणाऱ्या जीपीएस यंत्रांनी मात्र ते मोजता येतं. आता हा हिशेब वहीत कर : ५ सेंटीमीटर गुणिले ५ कोटी वर्षं. उत्तर येईल २,५०० किलोमीटर. भारत आणि आशिया यांची टक्कर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली. त्यानंतर एवढं अंतर कापणाऱ्या जमिनीला जायला जागा कुठे होती? ती दुमडली, एकावर एक चढली, वर उचलली गेली. हिमालय आणि तिबेटचं पठार म्हणजे त्या गुणाकाराचं उत्तर आहे. टक्कर होण्याआधी तर भारत याहून बराच जोरात येत होता.

आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात असं मांडलं, तेव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञांनी ते झिडकारलं, कारण खंडांना ढकलणारी शक्ती कोणती हे त्यांना पटेल असं सांगता आलं नव्हतं. महासागराच्या तळाचे नकाशे आले, तळ मधोमध फाकून दोन्हीकडे पसरतो हे १९६० च्या दशकात सिद्ध झालं, तेव्हा कुठे चित्र पूर्ण झालं. वेगेनर १९३० मध्येच ग्रीनलंडच्या मोहिमेवर वारले होते.

बाई, सप्रेम नमस्कार. भूपट्टांच्या कडा दाखवणारा नकाशा शिकवताना मुलं दरवर्षी एकच प्रश्न विचारतात : "सर, किल्लारी तर कडेवर नाही. मग आपल्याकडे भूकंप का झाला?" पाठोपाठ दुसरा येतो : "कोयनेसारखा इथेही धरणामुळे झाला का?" आमच्याकडे प्रत्येक घरात १९९३ च्या त्या रात्रीची आठवण आहे, त्यामुळे वरवरचं उत्तर देववत नाही.
(माध्यमिक शिक्षक, निलंगा)

सर, हा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

भूपट्टाच्या कडांवर भूकंप जास्त होतात हे खरं. पण भूपट्ट काही अखंड, निर्दोष शिळा नव्हे. कोट्यवधी वर्षांत त्यात भेगा पडल्या, जुन्या भेगा बुजल्या, वर नवे थर साचले. हिमालयात जी टक्कर चालू आहे तिचा रेटा उत्तरेपुरता राहत नाही, तो अख्ख्या भूपट्टातून मागेपर्यंत पोहोचतो. जिथे जुनी कमजोर जागा असेल तिथे ताण साठतो. आपल्या भागात अडचण अशी, की या जुन्या भेगा काळ्या पाषाणाच्या थरांखाली झाकल्या गेल्या आहेत. भूकंपानंतर किल्लारीला भोक पाडून पाहिलं तेव्हा सुमारे ३४० मीटर बेसाल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, ओलांडल्यावर खालचा प्राचीन खडक लागला. एवढ्या जाड पांघरुणाखाली काय आहे ते जमिनीवर उभं राहून कोण सांगणार?

इथे काळाचा प्रश्न पुन्हा येतो. कडेवरच्या जागी मोठे भूकंप काही दशकांच्या किंवा शतकांच्या अंतराने येतात, म्हणून त्यांची आठवण समाजात टिकते. भूपट्टाच्या आतल्या भागात ताण इतका सावकाश साठतो की मधे हजारो वर्षं जाऊ शकतात. माणसाच्या आठवणीत, बखरीत, कागदपत्रांत काहीच नसतं. १९९३ पूर्वीच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात किल्लारी-लातूरचा परिसर क्षेत्र १ मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या गटात होता. २००२ च्या नकाशात क्षेत्र १ हा गटच काढून टाकला आणि हा परिसर क्षेत्र ३ मध्ये गेला. मुलांना हे दोन नकाशे शेजारी शेजारी दाखवा. नकाशा हा त्या त्या वेळच्या माहितीचा असतो, हे त्यांना एका नजरेत कळेल.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्रीचं गणेश विसर्जन उरकून लोक गाढ झोपले होते. महत्ता ६.२. या आकड्याचा भूकंप जपानात झाला तर इतकी माणसं मरत नाहीत. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांत जवळपास दहा हजार गेली. कारणं दोन. केंद्र जमिनीखाली अगदी कमी खोलीवर होतं. आणि घरं माळवदाची होती : दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, दगडांच्या सांध्यात चिखल, लाकडाच्या पाटावर टनावारी माती. उन्हाळ्यात ही घरं गार राहतात, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या बांधली गेली. त्यांना दोष देऊन चालणार नाही. पण आडवा झटका बसला की आतला दगड आत आणि बाहेरचा बाहेर सुटतो आणि वरची माती थेट खाली येते.

महत्ता आणि तीव्रता यांतला फरक शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. महत्ता म्हणजे भूकंपाने किती ऊर्जा सोडली. एका भूकंपाला एकच आकडा. तीव्रता म्हणजे तुमच्या गावाला किती बसलं. ती गावागणिक बदलते. महत्तेचा आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणून २६ जानेवारी २००१ चा भुजचा ७.७ चा भूकंप किल्लारीच्या दीडपटसुद्धा नव्हता असं आकडे पाहून वाटतं, प्रत्यक्षात त्याने सुमारे पावणेदोनशे पट ऊर्जा सोडली. नववी-दहावीच्या मुलांना हा हिशेब जमतो आणि तो करताना त्यांचे डोळे विस्फारतात.

आता कोयना. माझं बालपण पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे आधी उतरंडीची मडकी कोसळल्याचा आवाज आला आणि जमीन हलतेय हे मागून कळलं. आमच्या सोप्याची दगडमातीची भिंत बाहेरच्या अंगाला आडवी झाली. स्वयंपाकघराचा कारवीचा कुड मात्र नुसता झुलला आणि उभा राहिला. त्याचं शेण-मातीचं लिंपण तेवढं पापुद्र्यांनी गळलं. त्या थंडीत सगळी आळी खळ्यावर, कडब्याच्या आडोशाला झोपायची, कारण लहान धक्के थांबत नव्हते. जड भिंत पडली आणि हलका कुड टिकला हे मी तेव्हा पाहिलं होतं. त्याचं कारण पुढे भूगोल शिकताना समजलं.

तो भूकंप ६.३ महत्तेचा होता, सुमारे १८० माणसं गेली. शिवसागर जलाशय १९६२ च्या सुमारास भरायला लागला आणि त्यानंतर तिथे लहान धक्के वाढले होते. "धरणाच्या पाण्याच्या वजनाने भूकंप झाला" असं मुलं लिहितात. ते अर्धंच आहे. वजनाइतकंच, किंबहुना त्याहून महत्त्वाचं काम केलं ते झिरपणाऱ्या पाण्याने. भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवर दाबून धरलेल्या असतात, म्हणून ताण असूनही त्या घसरत नाहीत. भेगेत पाण्याचा दाब वाढला की ती पकड सैल होते. ताण आधीचाच, भूपट्टाच्या रेट्याचा. पाण्याने त्याला वाट करून दिली. म्हणून शास्त्रज्ञ "जलाशयाने चालना दिलेला भूकंप" असा शब्दप्रयोग करतात, आणि उत्तरपत्रिकेत हाच लिहावा. कोयनेत आजही पावसाळ्यानंतर पाणी चढलं की लहान धक्के येतात. एकाच छोट्या पट्ट्यात इतकी वर्षं सतत भूकंप होणारी अशी जागा जगात दुसरी सापडणं कठीण, म्हणूनच कराडला त्याच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभी राहिली आणि कोयना परिसरात गोठणे इथे २०१७ मध्ये ३ किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं.

किल्लारीजवळ तेरणा नदीवरही जलाशय आहे आणि त्याचा संबंध काही अभ्यासकांनी जोडून पाहिला. पण कोयनेबद्दल जितक्या खात्रीने बोलता येतं तितक्या खात्रीने तिथे बोलता येत नाही. मुलांना हे असंच सांगा, सर. विज्ञानात सगळ्या प्रश्नांना सारखी पक्की उत्तरं नसतात, हे त्या वयात कळलेलं बरं.

कोकणात तुरळ, राजवाडी, उन्हवरे इथे गरम पाण्याचे झरे आहेत. म्हणजे खाली ज्वालामुखी आहे का? भीती वाटते म्हणून विचारते.
(गृहिणी, संगमेश्वर तालुका)

ताई, अजिबात घाबरू नका. जमिनीत खाली जावं तसं दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं, हे जगात बहुतेक ठिकाणी सारखंच. पावसाचं पाणी भेगांतून दीड-दोन किलोमीटर खाली गेलं की आपोआप तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. कोकणपट्टीत किनाऱ्याला समांतर अशा लांबच लांब भेगा आहेत, म्हणून हे झरेही एका रांगेत सापडतात. ठाणे जिल्ह्यातल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंतची ठिकाणं नकाशावर टिंबांनी जोडून पाहा, रांग दिसेल. पाण्याला गंधकाचा वास येतो तो खडकांतून विरघळून आलेल्या द्रव्यांचा.

सह्याद्री हा वली पर्वत, गट पर्वत की अवशिष्ट पर्वत? तीन पुस्तकांत तीन उत्तरं आहेत. स्पर्धा परीक्षेत काय लिहू?
(परीक्षार्थी, सिन्नर)

तुम्ही राहता तिथून कसारा घाट लांब नाही. एकदा दिवसाउजेडी रेल्वेने कसाऱ्याहून इगतपुरीला या आणि खिडकीतून दोन गोष्टी पाहा.

पहिली : चढ चढून इगतपुरीला आलात की पलीकडे उतार लागतच नाही. नाशिकपर्यंत साधारण त्याच उंचीवरून गाडी चालते. पर्वत चढला तर पलीकडे उतरायला हवं. उतार नाही, याचा अर्थ तुम्ही पर्वत ओलांडलेलाच नाही, पठारावर चढलात. सह्याद्री म्हणजे दख्खनच्या पठाराची पश्चिमेकडची तुटलेली कड. कोकणातून पाहणाऱ्याला ती पर्वतासारखी उभी दिसते, देशावरून पाहणाऱ्याला डोंगरांच्या रांगा दिसतात.

दुसरी : खोदलेल्या कड्यात काळ्या दगडाचे आडवे थर आहेत आणि काही ठिकाणी दोन थरांमध्ये विटकरी रंगाचा पातळ पट्टा आहे. तो पट्टा मला सगळ्या घाटात सर्वांत मोलाचा वाटतो. एक लाव्हा येऊन थंड झाला, त्यावर ऊनपाऊस पडून त्याची माती होऊ लागली, आणि मग पुढचा लाव्हा येऊन ती माती भाजून गेला. म्हणजे दोन उद्रेकांच्या मधे निवांत काळ गेला, त्याची ही नोंद. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारत आजच्या रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त स्थळावरून जात असताना हे उद्रेक झाले. बहुतांश लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत ओतला गेला आणि आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र त्याने व्यापलेलं आहे. कोयनेला हे थर ९०० मीटरांहून जाड आहेत. किल्लारीला किती उरले ते वरच्या उत्तरात आलंच आहे.

थर आडवे आहेत, घड्या नाहीत, म्हणून "वली" हा पर्याय थेट बाद. पश्चिमेकडची बाजू प्रस्तरभंगाने, म्हणजे खडक भेगेवरून घसरून, तुटली, आणि त्यानंतर कोकणातल्या नद्यांनी ती कड झिजवत पूर्वेकडे मागे सरकवली. वर्णनात्मक उत्तरात दोन्ही लिहा : आधी प्रस्तरभंग (गट पर्वताची खूण), मग झीज (अवशिष्ट पर्वताची). बहुपर्यायी प्रश्नात मात्र आयोगाने आधीच्या उत्तरतालिकेत काय धरलंय ते पाहूनच खूण करा.

पठार पूर्वेकडे कललेलं आहे, त्यामुळेच तुमची गोदावरी त्र्यंबकेश्वराला, अरबी समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटरवर उगम पावूनही पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला जाते. पर्जन्यछायेचं गणितही याच कडेवर बसलंय : महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास.

नागपूरला मामाकडे सूर्य लवकर उगवतो आणि मुंबईत उशिरा, तरी घड्याळ एकच का?
(इयत्ता सहावी, डोंबिवली)

पृथ्वीला १ अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. नागपूर सुमारे ७९ अंश पूर्व रेखावृत्तावर, मुंबई ७३ च्या जरा अलीकडे. फरक साधारण ६ अंशांचा, म्हणजे सुमारे २५ मिनिटांचा. प्रत्येक गावाने आपापलं घड्याळ लावलं तर रेल्वेचं वेळापत्रक कसं बनवायचं? म्हणून देशाने साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची वेळ सर्वांसाठी घेतली. मुंबईची स्वतःची वेळ या प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे होती, आणि १९५५ पर्यंत मुंबईत ती काही ठिकाणी वापरातही होती. तुझ्या आजोबांना विचारून बघ, कदाचित आठवत असेल.

बाई, काही वर्षांपूर्वी आमचं गाव महापालिकेत गेलं. पाटी बदलली. पण आजोबा अजून त्याच रानात कोथिंबीर आणि मेथी करतात, आजी गोठ्यात असते. मग आमचं नागरीकरण झालं की नाही? नागरी वाढ आणि नागरीकरण एकच का? प्रकल्पासाठी हाच विषय घेतलाय.
(बारावी कला, पुण्याजवळचं एक गाव)

विषय उत्तम निवडलास. तू जे पाहतेस त्यावरच तुझा प्रकल्प उभा राहील.

आधी दुसरा प्रश्न. शहरात राहणाऱ्यांची संख्या वाढणं म्हणजे नागरी वाढ. एकूण लोकसंख्येत शहरी लोकांचं प्रमाण वाढणं म्हणजे नागरीकरण. समज, एका तालुक्यात शहरात ४० हजार आणि खेड्यांत ६० हजार माणसं आहेत. दोन्हीकडे दुप्पट झाली : ८० हजार आणि १ लाख २० हजार. शहर दुपटीने वाढलं, पण प्रमाण आधी ४० टक्के होतं, आताही ४०. नागरी वाढ झाली, नागरीकरण शून्य. २०११ च्या जनगणनेत देशाचं हे प्रमाण ३१ टक्क्यांच्या थोडं वर आणि महाराष्ट्राचं ४५ टक्क्यांच्या थोडं वर होतं.

आता तुझं गाव. आपल्याकडे एखादी वस्ती दोन वाटांनी "नागरी" ठरते. पहिली वाट कायद्याची : सरकारने नगरपंचायत, नगरपरिषद, महापालिका जाहीर केली किंवा एखादं गाव तिच्या हद्दीत घेतलं, की ते नागरी. तिथे कोण काय पिकवतं हे कुणी विचारत नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं घेतली गेली, ती अशी. दुसरी वाट जनगणनेची : लोकसंख्या किमान ५ हजार, घनता चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात. हे तिन्ही निकष पूर्ण झाले तर ग्रामपंचायत असली तरी जनगणना त्या गावाला शहर म्हणते. अशी "जनगणना शहरं" २००१ मध्ये देशात १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. अडीच हजारांहून जास्त गावं दहा वर्षांत शहरांच्या यादीत आली आणि त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊकही नसेल. आजोबांचं रान कायद्याने शहरात आहे, कामाने खेड्यात. दोन्ही खरं आहे, आणि प्रकल्पात दोन्ही लिही.

निकषातला "पुरुष" हा शब्द वाचून तुला खटकलं असेल. खटकायलाच हवं. तुझी आजी गोठ्यात जे काम करते ते या मोजमापात धरलंच जात नाही. यावर एक परिच्छेद नक्की लिही.

शहरं वाढतात ती फक्त खेड्यांतून येणाऱ्या लोकांमुळे, असं जवळजवळ प्रत्येक वहीत असतं. शहरात आधीपासून राहणाऱ्यांना मुलं होतात, तो मोठा वाटा. गावं शहर म्हणून जाहीर होतात किंवा हद्दीत येतात, तो दुसरा. स्थलांतर हा तिसरा. कारणांचा क्रम लावण्याआधी आकडे पाहावेत.

मुंबईचं उदाहरण घे, पण नेहमीच्या पद्धतीने नको. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे आली, १८५६ मध्ये कावसजी दावर यांची कापडगिरणी सुरू झाली, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. शहर वाढलं ते या क्रमाने, आणि कोकण-देशावरून गिरणगावात माणसं आली. हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचं फार थोड्यांना माहीत असतं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, जमिनी महागल्या. २००१ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाबा ते माहीम-सायन या बेटाची लोकसंख्या ३३ लाखांवर होती. २०११ मध्ये ती ३१ लाखांच्या खाली आली. मुंबई कमी झाली! त्याच दहा वर्षांत तेव्हाचा ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. माणसं कल्याण, विरार, नवी मुंबईकडे सरकली आणि रोज लोकलने परत येऊ लागली. शहर मधून विरळ होत कडेने पसरतं, याला उपनगरीकरण म्हणतात. तुझं गाव पुण्याच्या अशाच कडेवर आहे. चाकणचे कारखाने आणि हिंजवडीची संगणक कंपन्यांची कार्यालयं शहराच्या बाहेरच्या अंगाला आहेत, त्यामुळे ही कड आणखी जोराने ओढली जाते.

आता जागेचा प्रश्न, आणि याबद्दल मला मनापासून काळजी वाटते. शहर पसरतं तेव्हा सर्वांत आधी नाहीसे होतात ते ओढे. पाटी बदलायला एक दिवस लागतो, ओढ्यावर इमारती यायला दहा वर्षं, आणि त्याचा परिणाम दिसायला एक रात्र पुरते. रानात पडलेला पाऊस बराचसा मुरतो. काँक्रीटवर पडलेला जवळजवळ सगळा वाहतो, आणि तोही लगेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला १०० मिलिमीटरसुद्धा नव्हता. आकाशाचं काम इतक्या छोट्या जागेवर चालतं. तेवढा पाऊस कुठेही पडला असता तरी पूर आला असता, हे कबूल. पण मिठी नदीचं पात्र भराव टाकून अरुंद केलेलं होतं, तिच्या काठची खारफुटी तोडलेली होती, आणि भरतीच्या वेळी समुद्र पाणी आत घेत नव्हता. म्हणून ते इतकं चढलं आणि इतका वेळ राहिलं.

तर प्रकल्पासाठी असं कर. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा तुमच्या भागाचा स्थलनिर्देशक नकाशा संकेतस्थळावरून उतरवून घे. त्यात समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात आणि ओढे निळ्या रेषांनी दाखवलेले असतात. तुमच्या गावच्या सगळ्या निळ्या रेषा पारदर्शक कागदावर गिरव. मग गूगल अर्थवर त्याच जागेची जुनी आणि आजची उपग्रहचित्रं काढ आणि तो कागद त्याच मापाला आणून वर ठेव. कुठल्या ओढ्यावर रस्ता आलाय, कुठला पाइपात गेलाय, कुठला अजून उघडा आहे, ते तीन रंगांनी दाखव. शेवटी आजोबांना घेऊन ओढ्याकाठी जा. त्यांनी पाहिलेल्या सर्वांत मोठ्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते त्यांना दाखवायला सांग, त्या जागेची खूण फोनवर करून घे, ती रेषा आजच्या चित्रावर काढ आणि तिच्या आत किती इमारती येतात ते मोज. काम झालं की एक प्रत शाळेत दे आणि एक तुमच्या प्रभागाच्या कार्यालयात नेऊन दे, पोच घ्यायला विसरू नकोस.